काचशाळेस खलिता

‘आपण कलावंत आहोत, ही जाणीव आपणांस प्रथम केव्हा झाली?’ असा सवाल अमेरिकेतल्या एका काचशाळेच्या अर्जात चौथ्या रकान्यात विचारलेला होता आणि उत्तरासाठी दीडशे शब्दांची हद्द आखून दिलेली होती. ज्या गृहस्थाने रेल्वेच्या कचेरीत सारी हयात घालवली, एका प्रवाशाच्या हरवलेल्या छत्रीविषयी ज्याने दोन परिशिष्टांसह अहवाल सादर केला आणि ज्याच्या मसुद्यातला स्वल्पविराम हलविण्याची हिंमत वरिष्ठांनाही होत नसे, त्याने आपल्या प्रतिभेचा उगम दीडशे शब्दांत आटोपावा, ही अपेक्षा मला प्रथमदर्शनीच अपमानास्पद वाटली. परंतु खरी अडचण निराळीच होती. खरे उत्तर पंचवीस शब्दांतच संपत होते. ज्या गणेश मंदिरात 1842 साली मनकर्णिकेचे, म्हणजे पुढच्या झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे, गंगाधररावांशी लग्न लागले, त्याच मंदिरातल्या हळदीकुंकवाला आमच्या हिने मी घडविलेल्या निळ्या मण्यांची माळ घातली असता, एका सुविद्य बाईंनी ती दोन बोटांत धरून ‘अगं बाई, ही तर अगदी विकतची वाटते!’ असा उद्गार काढला, तोच तो क्षण. त्या दिवसापासून मी मनातल्या मनात स्वतःचा उल्लेख तृतीयपुरुषी आणि अनेकवचनी करू लागलो.

काचशाळेची योजना ऐकायला मोठी रम्य आहे. निवडलेल्या कलावंताला काही आठवडे राहायला खोली, दोन्ही वेळचे जेवण, अहोरात्र पेटती भट्टी, हाताखाली मदतनीस आणि शिवाय दरमहा तनखा द्यायचा. आणि मोबदल्यात त्याच्याकडून काही म्हणजे काही मागायचे नाही. पेशव्यांच्या श्रावणातल्या दक्षिणेसाठीसुद्धा ब्राह्मणाला शास्त्र्यांपुढे काही म्हणून दाखवावे लागे. इकडे नुसते ‘शोध घेत असणे’ पुरते. काच ही कारखान्याबाहेर एकट्या माणसालाही करता येते, हे 1962 साली हार्वे लिटलटन या कुंभारकला शिकविणाऱ्या प्राध्यापकाने टोलेडोच्या संग्रहालयाच्या आवारात छोटी भट्टी उभारून दाखवून दिले, आणि 1971 साली डेल चिहुलीने वॉशिंग्टन राज्यातल्या रानात पिलचकची शाळा काढली. तेव्हापासून तिकडे काच फुंकणे हा धंदा न राहता साधना झाली. या चिहुलीने अपघातात एक डोळा गमावला आणि पुढे खांदाही दुखावला, तेव्हा फुंकनळी इतरांच्या हाती देऊन आपण स्वतः केवळ सूचना करण्याचे काम पत्करले आणि कीर्ती मात्र वाढतच गेली, हे वाचल्यापासून कचेरीत जन्म काढलेल्या मला या कलेविषयी विशेष आत्मीयता वाटू लागली.

काचेशी माझी गाठ पडली ती मात्र फिरोजाबादेत, पुतणीच्या लग्नाचा हिरवा चुडा आणायला गेलो तेव्हा. भट्टीतून लोखंडी सळईच्या टोकावर लालभडक गोळा निघतो, त्याची तार फिरत्या बेलनावर वेटोळ्यावेटोळ्यांनी गुंडाळली जाते, निवलेले ते वेटोळे उभे चिरले की उघड्या तोंडाच्या कड्यांचा ढीग पडतो, आणि मग ती कडी गल्लीबोळांतल्या घरांत जातात. तिथे बायाबापड्या ज्योतीपुढे उकिडव्या बसून एकेका कड्याची दोन टोके जुळवितात. त्याला तिकडे जुड़ाई म्हणतात. मजुरी तोड्यावर मिळते आणि एका तोड्यात तीनशेहून अधिक बांगड्या भरतात. अशाच एका गल्लीत एका वृद्ध उस्तादांनी, मी फार वेळ दारात उभा राहिल्याने उजेड अडतो म्हणून, मला आत बसविले आणि पुढे कधीतरी एक कडे हातात दिले. मी जुळविलेल्या त्या बांगडीत मनगट जाणे अशक्य होते. परंतु काच मऊ होऊन टोकाला टोक चिकटताना बोटांना जो एक निसटता होकार कळतो, तो एकदा कळला की सेवानिवृत्त मनुष्य संसारातून उठतो.

मी उठलो तो व्हरांड्यात येऊन बसलो. स्वयंपाकघरातला जादा सिलिंडर, एक टॉर्च, शाडू माखलेल्या बारीक तारा आणि रंगीत काचकांड्या एवढे भांडवल. कांडी ज्योतीत धरावी, तिचे टोक मधाच्या थेंबासारखे लोंबू लागले की ते फिरत्या तारेवर उतरवावे, आणि मग फक्त फिरवीत राहावे. गोल व्हायचे कसे ते काचेला ठाऊक असते, फिरविणाऱ्याने मध्ये पडायचे नसते. तापलेल्या काचेतले सोडियम पिवळीधमक ज्वाळा फेकते आणि आतले काही दिसत नाही, म्हणून तो पिवळा प्रकाश तेवढा गिळून टाकणारा डिडिमियमचा चष्मा मी परदेशातून मागविला आणि तो लावून ज्योतीसमोर बसण्यापूर्वी बराच वेळ आरशासमोर उभा राहिलो. ‘अहो,’ ही म्हणाली, ‘काच करायला निघालात, आधी नाकावरची पुसून घ्या.’

मणी होणे सोपे, टिकणे कठीण. ज्योतीतून काढलेला मणी उघड्या हवेत ठेवला तर वरचे कवच गार होऊन आकसते, गाभा अजून तापलेलाच असतो, आणि या ओढाताणीत मणी उभा तडकतो. म्हणून त्याला राखेत पुरून सावकाश निववावे लागते. त्यातून बाटलीची काच आणि बांगडीची काच यांचे आकसण्याचे प्रमाण वेगवेगळे, तेव्हा या दोघींना हौसेने एका मण्यात नांदविल्यास त्या दिवसभर गुण्यागोविंदाने राहतात आणि रात्री विभक्त होतात. मध्यरात्री कपाटावरच्या डब्यातून ‘टिच्’ असा आवाज येतो आणि ही झोपेतच कूस बदलून म्हणते, ‘वाढला तुमचा एक.’

अर्जाच्या सहाव्या रकान्यात ‘आपले घराणे व समाज यांचा या माध्यमाशी असलेला संबंध’ मागितला होता. इथे मात्र माझी लेखणी मोकळी सुटली. आमच्या घराण्याचा काचेशी तीन पिढ्यांचा संबंध आहे, असे मी लिहिले, आणि ते अक्षरशः खरे आहे. आजोबा रोज तिन्हीसांजेला राखेने कंदिलाची काच पुसत. वडील ती लहानपणी फोडीत. आणि तिसरा मी. तो कंदील कराडजवळच्या ओगलेवाडीचा, 1916 साली निघालेल्या ओगले बंधूंच्या कारखान्यातला ‘प्रभाकर’ होता, ही गोष्ट आमच्या घरी कुलदैवताच्या खालोखाल सांगितली जाई. उत्तरेत येऊन स्थायिक झालेल्या माणसाला देशावरून आलेली वस्तू उजेड जरा अधिक देते. समाजाच्या बाबतीत तर मी थेट पैसा फंडावर गेलो. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागत दारोदार हिंडावे, लोकमान्यांनी पाठीशी उभे राहावे, आणि त्या तांब्याच्या पैशांतून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहावा, ही कथा अमेरिकन माणसाला कळेल न कळेल. परंतु तो कारखाना उभा करणारे तज्ज्ञ ईश्वरदास वार्ष्णेय हे आमच्या या संयुक्त प्रांतातले, जपान आणि अमेरिकेत काच शिकून आलेले. उत्तरेचा एक मनुष्य काच करायला महाराष्ट्रात गेला, त्याची परतफेड म्हणून महाराष्ट्राने मला उत्तरेत ठेवले आहे, असा मी ऐतिहासिक निष्कर्ष काढला. या प्रेरणेने आमच्या मंडळींकडून विजेच्या भट्टीसाठी माणशी एक रुपया मागून पाहिला, तेव्हा मंदिराच्या कट्ट्यावरची सगळी मंडळी एकदम दर्शनाला आत गेली.

पुढचा रकाना ‘अर्जदाराचे शहर’. तिथे ‘झाशी’ एवढी दोन अक्षरे लिहून पुढे सरकणे हा या शहराचा उपमर्द झाला असता. जगाला झाशी तलवारीसाठी ठाऊक आहे. माझ्या मते झाशी हे प्रथम अर्जाचे शहर आहे. तलवार शेवटी आली. 21 नोव्हेंबर 1853 रोजी गंगाधरराव निवर्तले, आदल्या दिवशी दत्तविधान झालेले, आणि डिसेंबरात बाईसाहेबांचा पहिला खलिता लॉर्ड डलहौसीकडे रवाना झाला, फेब्रुवारीत दुसरा. हे खलिते एका मसुदानवीसाच्या नजरेने पाहावेत. त्यांत रडगाणे नाही, आर्जवही बेताचे. 1817 च्या तहात काय कबूल केले ते कलमावर बोट ठेवून सांगितले आहे, शेजारच्या ओरछा, दतिया आणि जालौन येथे दत्तक मंजूर झाल्याचे दाखले जोडले आहेत, आणि मग शांतपणे विचारले आहे की न्याय एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा कसा. असा मसुदा माझ्या टेबलावर आला असता तर मी उभा राहून पोच दिली असती. डलहौसीसाहेबांनी 27 फेब्रुवारी 1854 रोजी संस्थान खालसा करण्याचा शेरा मारला.

मग बाईसाहेबांनी वकील केला. जॉन लँग नावाचा हा ऑस्ट्रेलियन बॅरिस्टर कंपनी सरकारला एका खटल्यात धूळ चारून चुकला होता. त्याला झाशीला आणण्यासाठी जी घोडागाडी पाठविली, तीत बर्फाच्या बादलीत पाणी, दारू आणि बिअर गार करून ठेवलेली होती, असे त्याने स्वतःच आपल्या प्रवासवर्णनात नमूद करून ठेवले आहे. पडद्याआडून मुलाखत झाली. दरमहा 5,000 रुपयांचे पेन्शन तूर्त निषेध नोंदवून घ्यावे आणि वरती विलायतेला अर्ज करावा, असा अगदी कचेरीत शोभणारा सल्ला त्याने दिला, आणि त्यावर बाईसाहेबांनी जे उत्तर दिले ते पाचवीतल्या पोरालाही पाठ आहे. मला त्या उत्तराइतकेच कौतुक वाटते ते निरोपाच्या नजराण्याचे. एक हत्ती, एक उंट, एक अरबी घोडा, शिकारी कुत्र्यांची जोडी, रेशमी वस्त्रे आणि शालींची जोडी! अर्ज नामंजूर होणार हे जवळजवळ ठरलेले असताना अर्जलेखकाला हत्ती देणारा दुसरा दरबार मला तरी ठाऊक नाही. आमचा पुतण्या माझा अर्ज संगणकावर चढवून देत असे, त्याला मी मानिक चौकातली कचोरी देत असे, आणि तीही तो ‘काका, दोन आणा’ म्हणाला तर माझ्या कपाळाला आठी पडे. काळ फार बदलला आहे.

आणि निवासी कलावंत म्हणाल तर तोही झाशीला नवा नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून कोकणातून चालत निघाले, बंडाच्या ऐन वणव्यात सापडले आणि फिरत फिरत झाशीत येऊन बाईसाहेबांच्या आश्रयाला राहिले. राहणे, जेवण, मानधन, आणि काम काय, तर पाहणे! वेढा पाहिला, शहर लुटले जाताना पाहिले, स्वतःही लुटले गेले, आणि दोनअडीच वर्षांनी घरी परतले ते गंगेची कावड खांद्यावर घेऊन. दक्षिणेचा हेतू संपूर्ण फसला. परंतु ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी छापून काढला, आणि त्या निवासाचे फलित म्हणून कोणत्याही शाळेने आजवर याहून मोठे काही दाखविले असेल असे मला वाटत नाही. भटजींना चौथ्या रकान्यातला सवाल कोणी विचारला असता, तर त्यांनी सोवळे सावरून उत्तर दिले असते की आपण कलावंत वगैरे नसून भिक्षुक आहोत.

इथवर मी वाचून दाखवीत आलो तेव्हा ही तांदूळ निवडीत होती. ‘अर्ज काचेचा आहे ना?’ एवढेच तिने विचारले. पुतण्याने सबंध मजकूर कापून ‘झाशी’ ही दोन अक्षरे ठेवली.

आता शिफारसपत्रे. ‘या क्षेत्रातील तीन मान्यवर’ हवे होते. दोन मिळविले, कसे, ते सांगण्यात हशील नाही. तिसऱ्यासाठी मी फिरोजाबाद गाठले. उस्ताद ज्योतीपुढेच होते. मी योजना समजावून सांगितली. त्यांनी हात न थांबविता विचारले, ‘खाना वही देंगे?’

‘देंगे.’

‘गैस का पैसा?’

‘वह भी वही देंगे.’

‘रोज़ का कितना माल निकालना पड़ेगा?’

‘कुछ नहीं.’

त्यांचा हात थांबला. ‘तो बुलाते काहे को हैं, पंडितजी?’

मला उत्तर सुचले नाही, आणि परतीच्या गाडीत मला विलक्षण चीड येऊ लागली. कोणावर, ते नक्की सांगता येत नव्हते. हा मनुष्य ज्योतीच्या रंगावरून काचेचा ताव ओळखतो. मी कौतुकाने नेऊन दिलेला डिडिमियमचा चष्मा त्याने एकदा लावून परत केला, कारण ज्या पिवळ्या रंगावर त्याची सारी विद्या उभी तोच त्यातून दिसत नव्हता. त्याच्या अंगठ्याच्या पेरावरची त्वचा भाजून भाजून इतकी गुळगुळीत झाली आहे की तिथे रेषाच उरलेली नाही. त्या अर्जाच्या इतक्या रकान्यांत माध्यमाविषयीचे चिंतन होते, समाजाशी संवाद होता, भावी पंचवार्षिक वाटचाल होती. हात कुठेच नव्हते. ज्याला आपल्या कामाविषयी बोलता येते त्याच्यासाठी भट्टी फुकट पेटते, आणि ज्याला काम करता येते तो तोड्यावर मजुरी घेतो. 1291 साली व्हेनिसने आगीच्या धास्तीने आपल्या साऱ्या काचभट्ट्या मुरानो बेटावर हलविल्या आणि पुढे तिथल्या कसबी कारागिरांनी देश सोडून जाऊ नये म्हणून कायदे केले. ती कैद खरी, पण त्या कैदेत हाताची किंमत तरी होती. उस्तादांना गल्ली सोडून जाण्याची मनाई कोणी केलेली नाही. कोणी बोलावलेलेच नाही. ताजमहालाचा संगमरवर काळवंडू नये म्हणून 1996 च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या टापूतल्या कारखान्यांना कोळसा सोडायला लावला, आणि ते रास्तच होते. तथापि संगमरवराची छाती दुखते याची दखल घेणारे सरकारदरबार गल्लीतल्या खोकल्यापर्यंत कधी पोचेल, हे मला कळत नाही. आणि ज्या वाळूची ही काच होते तिच्यापैकी पुष्कळशी आमच्याच बुंदेलखंडातल्या बरगढची. इथून वाळू जाते, वाळूच्या मागोमाग माणसे जातात, आणि दोन्ही दुसऱ्याच्या भट्टीत पडतात.

असो. चिडलेला मनुष्य विनोदी लेख बिघडवितो.

उस्तादांनी सही करायचे कबूल केले होते. मजकूर मी लिहायचा होता. तो मी लिहिला. आजवर इतरांच्या पदोन्नतीची टिपणे लिहून जी गुणवर्णने माझ्याजवळ शिलकीत पडून होती, ती सर्व मी त्या पत्रात खर्च केली: निष्ठा, सूक्ष्मदृष्टी, अग्नीशी असलेले तादात्म्य, परंपरा आणि नवता यांचा मनोज्ञ संगम. पुढच्या खेपेस हिंदीत उल्था करून त्यांना ते सावकाश वाचून दाखविले. त्यांनी डोळे मिटून, मधून मधून मान हलवीत, शेवटपर्यंत ऐकले, आणि अत्यंत आदराने विचारले, ‘कौन साहब हैं यह? कभी मिलवाइए.’ मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून, काही न बोलता, त्यांनी सही केली. ती सही त्या सबंध अर्जातला एकमेव अस्सल ऐवज होता.

कलाकृतींची छायाचित्रे पुतण्याने काढली. पांढऱ्या चादरीवर ठेवून, भिंग लावून, तिरप्या उन्हात टिपलेला माझा निळा मणी पडद्यावर असा काही भव्य दिसू लागला की एखाद्या चौकाच्या मधोमध बसवावा. मी स्वतःच दबकलो आणि इलाइट चौराह्याचा विचार करू लागलो. दुर्दैवाने खाली मोजमाप लिहिण्याची सक्ती होती. रुंदी 1.2 सेंटिमीटर. ‘काका, मिलिमीटरमध्ये लिहू का? 12 बरे दिसतील,’ असे पुतण्या म्हणाला, तेव्हा या मुलाचे पुढे चांगले होईल अशी माझी खात्री पटली. अर्ज गेला. मी बाजारात ओळखीच्या लोकांना ‘परदेशातून एक विचारणा आहे’ असे सांगू लागलो, आणि त्यांनी खोदून विचारू नये म्हणून लगोलग भाजीकडे वळू लागलो.

उत्तर आले. अर्जांची संख्या अभूतपूर्व होती, दर्जा दीपवून टाकणारा होता, निवड समितीला निर्णय घेताना क्लेश झाले, आणि माझे नाव प्रतीक्षायादीत घालण्यात त्यांना आनंद वाटत होता. डलहौसीच्या शेऱ्याची भाषा इतकी गोड नव्हती, पण अर्थ तरी लागत होता. ज्याने आयुष्यभर प्रतीक्षायादी म्हणजे काय ते जनतेला समजावून सांगितले, त्याला तीत नाव आल्याचे दुःख नाही; नाव कितवे ते सांगू नये, याचा मात्र संताप आहे. आमच्या रेल्वेत अगदी शेवटच्या उतारूलाही क्रमांक मिळतो, आणि त्या क्रमांकाच्या आधारे तो होल्डॉल बांधावा की सोडावा याचा निर्णय करू शकतो. या काचशाळेला सविनय पृच्छा करणारा एक खलिता मी सिद्ध केला आहे: अर्जदाराचा प्रतीक्षा क्रमांक कळावा, तो आजमितीस किती सरकला आहे, तेही कळावे, खोली पूर्ण मिळत नसल्यास अर्धी बसायला मिळण्याची तजवीज आहे किंवा कसे, अंतिम तक्ता सुटण्याच्या किती तास आधी लागतो, आणि मुख्यालयाचा काही कोटा असल्यास त्यासाठी अर्ज कोणाच्या नावे करावा. माझ्या जागी त्यांनी उस्तादांना घेतल्यास अर्जदाराची हरकत नाही, असेही एक कलम पुरवणीत घातले आहे, आणि त्यांच्याकडून दिवसाला किती माल निघतो ते आकड्यानिशी दिले आहे. हिने मसुदा ऐकला, बरा आहे म्हणाली, आणि नाव पक्के होईस्तोवर व्हरांड्यातला सिलिंडर स्वयंपाकघरात आणून ठेवा, असा त्यावर शेरा मारला.